जुन्या मालातील छुपे ऐब : चावीच्या एका आगगाडीचा धडा

जुन्या मालाचा व्यवहार आपल्या समाजाला नवा नाही. घड्याळे, शिलाई मशीन, ग्रामोफोन, पितळी दिवे, लाकडी कपाटे अशा मालाच्या खरेदी-विक्रीवर आणि दुरुस्तीवर आपल्यातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पोट भरीत आली आहेत. या धंद्यात नफा कोठून येतो, असे विचारले तर पुष्कळांचे उत्तर असते, ‘स्वस्त घ्यावे, महाग विकावे.’ हे उत्तर अर्धेच आहे. जुन्या मालाचा नफा-तोटा विक्रीच्या वेळी नव्हे, तर खरेदीच्या वेळीच ठरून जातो. मालातला ऐब खरेदीपूर्वी ज्याला दिसतो तो कमावतो. ज्याला तो घरी आल्यावर दिसतो, त्याची मेहनत फुकट जाते. आणि ऐब दिसल्यावर तो झाकून पुढच्याच्या गळ्यात मारावा की नाही, हा प्रश्न त्यानंतर येतो.

हा धडा आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. २०२३ च्या पावसाळ्यात खेळण्यातली एक जुनी आगगाडी विकत घेऊन, पैसे मोजून शिकलो. त्या गाडीची हकीकत आणि तिचा पूर्ण हिशेब व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत. आगगाडीत कोणाला रस नसेल, तरी तपासणीची रीत आणि हिशेबाची रीत प्रत्येकाच्या धंद्याला लागू पडेल.

गाडी कोणती?

आम्ही दोघे भाऊ मुंबईत शिलाई मशीन दुरुस्त करतो. जोडीला जुनी टाइपरायटर, ग्रामोफोन, चावीची खेळणी असा माल घेऊन, नीट करून विकतो. त्या पावसाळ्यात जुन्या बाजारातील एका दुकानात आम्हाला हॉर्नबी बनावटीचे चावीचे इंजिन, दोन मालडबे, एक प्रवासी डबा आणि गोल बसणारे रूळ असा संच दिसला.

हॉर्नबी हे नाव नव्या पिढीला ठाऊक नसेल. फ्रँक हॉर्नबी हे इंग्लंडातील लिव्हरपूलचे गृहस्थ. छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडून मुलांनी यंत्रे बांधावीत, अशा खेळण्याचे पेटंट त्यांनी १९०१ साली घेतले. पुढे तेच खेळणे ‘मेकॅनो’ म्हणून जगभर गाजले. १९२० मध्ये त्यांच्या कंपनीने पत्र्याच्या, चावीवर चालणाऱ्या आगगाड्या बाजारात आणल्या. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील कारखान्यात त्या बनत. फ्रँक हॉर्नबी १९३६ मध्ये वारले. १९६४ मध्ये कंपनी दुसऱ्या मालकांकडे गेली आणि १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला. आज हा माल मुलांच्या खेळण्यासाठी नव्हे, तर शौकिनांच्या संग्रहासाठी विकला जातो आणि चांगल्या, मूळ स्थितीतील मालाला चांगला भाव येतो.

आम्ही पाहिलेले इंजिन १९३० च्या दशकातील, चार चाकांचे, दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या असलेले होते. रंग किरमिजी. रुळांच्या दोन पट्ट्यांमधील अंतर ३२ मिलिमीटर. या मापाला शौकीन लोक ‘ओ गेज’ म्हणतात.

सौदा आणि आमची चूक

दुकानदाराने चावीला तीन आटे दिले, इंजिन हातात उचलून धरले, खटका सोडला. चाके भुर्रकन फिरली. त्या आवाजानेच आमचे निम्मे डोके फिरले, असे म्हणायला हरकत नाही. रंग चकचकीत, चाके काळीभोर, डब्यांची दारे शाबूत. दुकानदार म्हणाला, “भाईजान, माल जसा आहे तसा. नंतर तक्रार नको.” अठरा हजारांवर सौदा ठरला आणि आम्ही रोख पैसे मोजले.

येथे आम्ही काय केले नाही ते सांगितले पाहिजे. आम्ही इंजिन उलटे करून पाहिले नाही. चाकांवर नखही ओढले नाही. चावी पूर्ण भरली नाही. ऐंशी-नव्वद वर्षांच्या इंजिनाचा रंग इतका चकचकीत कसा, हे विचारले नाही. शिलाई मशीन घेताना आम्ही बॉबिन केस काढल्याशिवाय किंमत बोलत नाही. पण खेळणे पाहून आमची दुकानदारी सुटली आणि आम्ही गिऱ्हाईक झालो.

उघडल्यावर काय निघाले?

पहिला ऐब कमानीचा. स्प्रिंग, म्हणजे घड्याळजींच्या भाषेत कमान, हीच या गाडीची सारी ताकद. दुकानात तीन आट्यांवर चाललेले इंजिन घरी नऊ-दहा आटे दिल्यावर ‘ठण्ण’ असा आवाज करून थांबले. कमानीचे बाहेरचे टोक जेथे खुंटीला अडकते तेथे ते पूर्वीच तुटले होते आणि कोणीतरी तारेने बांधून ठेवले होते. तीन आट्यांचा ताण ती तार सोसत होती. दहाचा सोसणे तिच्या आवाक्याबाहेर होते.

दुसरा ऐब रंगाखाली. लोहचुंबक टाकीच्या पत्र्याला झटकन चिकटला, पण पायरीजवळच्या भागात तो नुसताच घसरला. तेथे पत्रा नव्हताच. गंजाने पडलेल्या रुपयाएवढ्या भोकात लांबी भरून, घासून, वरून रंग दिलेला होता. मूळ रंग आणि कंपनीची अक्षरे त्या नव्या रंगाखाली गाडली गेली होती.

तिसरा ऐब सर्वांत वाईट. चाके काढण्यासाठी एका चाकाला हलकासा जोर दिला, तर कडेचा तुकडा बिस्किटासारखा हातात आला. काळा रंग पुसल्यावर चारही चाकांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या. व्हर्निअरने मोजले तर एकाच चाकाचा व्यास उभा आणि आडवा सारखा भरेना. जवळपास एक मिलिमीटरचा फरक होता. ओतीव धातूचे चाक फुगले होते!

जस्ताचा रोग

धातूकाम करणाऱ्या बांधवांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा, कारण हा रोग फक्त खेळण्यांत नसतो. जुन्या ग्रामोफोनचे, रेडिओचे, मोटारींचे, टाइपरायटरचे ओतीव भाग अशाच धातूचे असू शकतात.

ही चाके जस्ताच्या मिश्रधातूची असतात. जस्तात थोडे, साधारण चार टक्के, ॲल्युमिनियम घालून तो रस साच्यात दाबाने भरला की नाजूक नक्षीचे भागही झटपट व स्वस्त पडतात. परंतु या मिश्रणाला शुद्धतेची मोठी गरज असते. त्यात शिसे, कथील किंवा कॅडमियम अगदी थोडे जरी जास्त गेले, तरी ते धातूच्या कणाकणांच्या सांध्यांत जाऊन बसते. मग हवेतील ओलावा त्या सांध्यांना आतून खात राहतो. खाल्लेल्या जागी तयार होणारा क्षार मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून भाग फुगतो, वाकतो, भेगाळतो आणि शेवटी चुरा होतो. ऊब आणि दमट हवा यांनी हे काम लवकर होते. मुंबई-कोकणची हवा कशी आहे, हे वाचकांना सांगायला नको.

९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून केलेले भरवशाचे मिश्रण अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये ‘झॅमॅक’ नावाने आणले. इंग्लंडात त्या जातीच्या धातूला ‘मॅझॅक’ म्हणत. धातूची कृती बरोबर होती, पण कारखान्याच्या भट्टीत शिशाचा किंवा डागाच्या कथिलाचा भंगार तुकडा पडला की तो सारा घाण बिघडला. ओतलेल्या दिवशी चाक ठणठणीत दिसणार आणि दोष वर्षांनी बाहेर पडणार. म्हणूनच एकाच वर्षीच्या दोन इंजिनांपैकी एकाची चाके आजही अभंग असतात आणि दुसऱ्याची चुरा होतात.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली, या रोगावर औषध नाही. डिंकाने चिकटवा, रंग द्या, वार्निश मारा, आतले खाणे थांबत नाही. कथिलाचा डागही यावर नीट बसत नाही. भाग बदलणे हाच एक इलाज आहे. दुसरी, हा रोग संसर्गाचा नाही. एका डब्याची चाके सडली म्हणून शेजारच्या डब्याची सडत नाहीत, कारण दोष त्या त्या ओतकामाच्या रसात असतो. काही लोक घाबरून चांगला माल वेगळा काढतात किंवा फेकतात, त्याची गरज नाही.

दुकानदाराकडे फेरी

चाकांचे तुकडे कागदात बांधून आम्ही दुकानदाराकडे गेलो. तो भांडला नाही. म्हणाला, “भाईजान, मीही कोणाच्या तरी माळ्यावरचा माल उचलला. लांबी मी भरलेली नाही, आणि चाकाला रोग असतो हे आज तुमच्याकडून ऐकतो आहे. तुम्ही हातात घेऊन पाहूनच घेतलीत ना?” शेवटी त्याने सरळ रुळांचे चार तुकडे आमच्या हातात ठेवले आणि चहा पाजला. तो खरे बोलत होता असे आम्हाला वाटले. आम्ही विचारलेच नव्हते, मग त्याने काय सांगावे?

या बाबतीत कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात पाहू. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम १६ चा रोख असा आहे की, खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत. त्या जातीच्या मालाचाच व्यवहार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला असेल तर माल विकण्यालायक असला पाहिजे, अशी अट व्यवहारात गृहीत धरली जाते. परंतु खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवे होते त्याबद्दल ही अट राहत नाही. दुसरीकडे, १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक ठरत नाही. मात्र ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे ही फसवणूक ठरते. लांबी भरणे हा गुन्हा नाही. भोक ठाऊक असून ते लपवण्यासाठी लांबी भरून, ‘पत्रा अस्सल आहे’ असे भासवून विकणे ही वेगळी गोष्ट आहे.

दुरुस्ती : क्रमाने काय केले

पहिले काम यादी. कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढले आणि कागदावर तीन रकाने आखले : ‘ठीक’, ‘दुरुस्त होईल’, ‘बदलावेच लागेल’. पुढे भाव ठरवताना हाच कागद कामी येतो.

कमान. हे काम आम्ही आमच्या गल्लीतील वयस्क घड्याळजींच्या देखरेखीखाली केले. सारे त्यांना चाचा म्हणतात. चाचा म्हणाले, “बेटा, कमानीबरोबर घाई करू नकोस. ती बोटे मागते.” हे शब्दशः खरे आहे. भरलेली कमान सुटली तर पात्यासारखी कापते. म्हणून प्रथम तिचा सारा ताण उतरवून घेतला. हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि कमान बाहेर येताच तारेच्या कड्यात अडकवली. मग फक्त शेवटचे दोनेक सेंटिमीटर टोक लाल करून सावकाश थंड होऊ दिले. असे केल्याने तेवढाच भाग मऊ पडतो. बाकी कमानीला आच लागली तर तिचा जोर जातो, म्हणून मागचा भाग ओल्या फडक्यात धरला. मऊ टोकात नवे भोक पाडून ते खुंटीला बसवले. कमान थोडी आखूड झाली, पण गाडीच्या चालीत जाणवण्याइतकी नाही.

यंत्र. जुने वंगण वाळून मेणासारखे झाले होते. सुट्या भागांना रॉकेलने धुतले. रॉकेल मिळत नसेल तर रंगाच्या दुकानातील टर्पेंटाइन चालते. फक्त ते रंगलेल्या पत्र्याला लागू देऊ नये. कमानीला ग्राफाइटचे ग्रीस, दातेरी चाकांच्या टोकांना शिलाई मशीनचे तेल, तेही सुईच्या टोकावरून एकेक थेंब. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ, हे मशीनवाल्यांना वेगळे सांगायला नको.

चाके. येथे दोन वाटा होत्या. ओळखीच्या लेथवाल्याने पितळेची चाके कातून देण्याची तयारी दाखवली होती. काम पक्के आणि स्वस्त झाले असते, पण मूळ चाकाला आरे असतात, कातलेले चाक भरीव दिसते. संग्राहकाच्या नजरेत ते खुपते. म्हणून इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांसाठीच नव्याने बनणारी, मूळ नमुन्याची चाके मागवली. जुनी चाके ओढून काढली नाहीत. ती आसावरच फोडून काढली, म्हणजे आस वाकला नाही. नवी चाके शेगड्यात सरळ दाबून बसवली. या इंजिनात दोन्ही बाजूंना चाके जोडणारी दांडी असते. तिच्या खुंट्यांचा डावा-उजवा कोन दोन्ही आसांवर सारखा नसेल तर इंजिन प्रत्येक फेऱ्याला अडखळते. हे जुळवण्यातच आमची एक अख्खी संध्याकाळ गेली.

पत्रा व रंग. लांबी काढली. भोकावर आतून पत्र्याचे ठिगळ बसवले. सवयीने हात डाग देण्याच्या कावियाकडे गेला होता, पण कावियाच्या उष्णतेने आजूबाजूचा रंग जळाला असता. म्हणून दोन नळ्यांचे एपॉक्सी वापरले.  वरचा नवा रंग पूर्ण उतरवण्याचा मोह झाला. आतल्या, न दिसणाऱ्या जागी करून पाहिले तर खालचा मूळ रंगही सोबत निघू लागला. तेथेच थांबलो. ठिगळापुरता रंग जुळवून लावला आणि बाकीचा आहे तसा राहू दिला.

एक सावधगिरी. त्या काळच्या रंगांत शिसे असे. असा रंग कोरडा घासू नये, त्याची धूळ श्वासातून पोटात जाते. पाणी लावून घासावे, तोंडावर चांगला मास्क बांधावा, काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नये आणि घरातील मुले जवळ येऊ देऊ नयेत. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम म्हणजे दहा लाखांत ९० भाग आहे आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. जुन्या रंगांना अशी मर्यादा नव्हती. शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते, म्हणून अशी गाडी लहान मुलाच्या हातात खेळणे म्हणून कधीही देऊ नये.

डबे. डब्यांचे छप्पर पत्र्याच्या जिभा वाकवून धरलेले असते. या जिभा दोन-तीन वेळा वाकवल्या की तुटतात. म्हणून ज्या डब्याचे आतले काम नव्हते तो उघडलाच नाही. गंजाच्या ठिपक्यांवर हलके तेल लावून मऊ फडक्याने पुसले. नको तेथे हात न घालणे हाही हुनराचाच भाग आहे.

हिशेब

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्या आकड्यांकडे येऊ.

खरेदी : रु. १८,०००
चाके, टपाल व आयात शुल्क धरून : रु. ५,२००
इतर सामान : रु. ९००
आमची मजुरी, २२ तास, तासाला रु. २५० प्रमाणे : रु. ५,५००
एकूण : रु. २९,६००

संच विकला गेला २४,००० रुपयांना. म्हणजे मजुरी धरून ५,६०० रुपयांचा तोटा. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर बावीस तास फुकट राबलो आणि वर पदरचे शंभर रुपये गेले.

आता हाच हिशेब उलटा मांडू. माल दुरुस्त होऊन, सर्व ऐब सांगून, २४,००० ला जाणार हे धरून चला. त्यातून चाकांचे ५,२००, सामानाचे ९०० आणि मजुरीचे ५,५०० वजा करा. उरले १२,४००. विक्रीवर दहा टक्के नफा म्हणजे २,४०० धरा. उरले १०,०००. याचा अर्थ, या संचाची खरेदीची योग्य किंमत दहा हजार होती. आम्ही आठ हजार जास्त मोजले. ते आमच्या शिकवणीचे शुल्क समजावे.

जुन्या मालाचा भाव नेहमी असा मागून पुढे काढावा. आधी विक्रीची किंमत, त्यातून दुरुस्तीचा प्रत्येक खर्च, मग स्वतःची मजुरी, मग नफा, आणि जे उरेल तोच खरेदीचा भाव. पुष्कळ कारागीर मजुरी धरीतच नाहीत, ‘आपलेच तर हात आहेत’ असे म्हणतात. पण हेच हात त्या बावीस तासांत दहा शिलाई मशीन दुरुस्त करू शकले असते.

मोह आणि निर्णय

चाकांचा चुरा पाहून एका परिचित व्यापाऱ्याने सल्ला दिला होता. “इतका खर्च कशाला? चिकटवा, काळा रंग द्या, काचेच्या पेटीत ठेवा. गिऱ्हाईक चालवून थोडेच पाहणार आहे? पस्तीस हजार कुठे गेले नाहीत.” पैसे अडकलेले असताना असा सल्ला कानाला गोड लागतो. त्या रात्री आम्ही दोघा भावांनी यावर बोलणे केले, हे कबूल करायला लाज वाटू नये.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बाजारातील धान्याच्या राशीचा प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. राशीत हात घातला तर वर कोरडे आणि खाली ओले धान्य निघाले. विक्रेत्याने पावसाचे कारण दिले, तर ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले. आमच्या गाडीतील ओले धान्य म्हणजे ती चाके होती. पाऊस आम्ही पाडला नव्हता. पण ते वर ठेवायचे की खाली, हे आमच्याच हातात होते. फिकहमध्येही खरेदीदाराला न कळलेल्या ऐबाबद्दल माल परत करण्याचा हक्क सांगितलेला आहे. त्यास ‘खियारे ऐब’ म्हणतात. त्याचा बारकावा जाणकार आलिमांना विचारावा.

आम्ही एक चिठ्ठी लिहून संचाबरोबर ठेवली : ‘चारही चाके नवी. कमानीचे टोक दुरुस्त केलेले. पायरीजवळ पत्र्याचे ठिगळ. इंजिनाचा वरचा रंग मूळ नाही. एका मालडब्याची दोन चाके रोगट असण्याचा संभव. रंगात शिसे असू शकते, मुलांना खेळायला देऊ नये.’ किंमत २७,००० सांगितली.

पहिले गिऱ्हाईक चिठ्ठी वाचून, धन्यवाद म्हणून निघून गेले. दुसरे गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, भिंग मागून घेतले, गाडी रुळावर चार फेरे चालवून पाहिली आणि चिठ्ठीतील प्रत्येक ओळीचे पैसे कापून २४,००० म्हणाले. आम्ही हो म्हटले. जाताना त्यांनी ती चिठ्ठीही सही करून मागितली. ‘नफा झाला’ असे आम्ही म्हणणार नाही, कारण हिशेब वर दिलेलाच आहे. पण त्या दिवसापासून आमच्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक जुन्या मशीनबरोबर अशी चिठ्ठी जाते. विकलेल्या मालावरून दुकानात भांडण झाले, असे त्यानंतर एकदाही घडले नाही.

खरेदीपूर्वी दहा मिनिटांची तपासणी

चावीचे किंवा पत्र्याचे कोणतेही जुने यांत्रिक खेळणे घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. प्रथम माल उलटा करावा. वरचा भाग विक्रेता सजवतो, खालचा बहुधा तसाच राहतो.
२. छोटे लोहचुंबक खिशात ठेवावे. पत्र्यावर ते घट्ट चिकटते. एखाद्या जागी पकड ढिली वाटली तर तेथे लांबी समजावी. जस्त व पितळेला ते मुळीच चिकटत नाही.
३. ओतीव भाग भिंगाखाली पाहावेत. जाळीसारख्या भेगा, फुगवटा, वाकलेली कड दिसली किंवा आसावर घट्ट आवळलेले चाक आढळले, तर भाग गेला असे धरावे. शक्य तर व्यास दोन दिशांनी मोजावा.
४. चाकांवर ताजा रंग असेल तर तो का दिला, हे विचारावे.
५. चावी हळूहळू, परवानगी घेऊन पूर्ण भरावी. मध्येच घसरणे, कडकड आवाज किंवा खटका न अडकणे म्हणजे कमानीत दोष.
६. जिभांच्या फटींत आणि स्क्रूच्या खाचेत रंग भरला असेल तर माल पुन्हा रंगवलेला आहे.
७. इंजिन व डबे एकाच संचातील आहेत का, जोडकड्या सारख्या आहेत का, ते पाहावे. निरनिराळ्या संचांचे तुकडे एकत्र करून विकणे सर्रास चालते.
८. विजेवर चालणारी गाडी असेल तर जुन्या वायरचे रबर व सुती वेष्टण दाबून पाहावे. ते सुकून भुरभुरत असेल तर प्लग लावूच नये. आधी वायर बदलावी.
९. ‘यात काय बदलले, काय दुरुस्त केले?’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे.
१०. खर्चाचा उलटा हिशेब तेथेच कागदावर करावा आणि मगच किंमत बोलावी.

समारोप

घड्याळजी, पत्राकाम करणारे, लेथवाले, रंगारी, शिलाई मशीनवाले या सर्वांचे हुनर या एका लहानशा गाडीत एकत्र आले. नव्या मालाच्या गर्दीत हे हुनर मागे पडत आहे, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. परंतु जुने टिकवणाऱ्या हातांना मागणी आहे. संग्राहक पैसे मोजायला तयार आहेत, फक्त त्यांना भरवशाचा कारागीर हवा असतो. हा भरवसा दोन गोष्टींनी येतो. काय दुरुस्त होते आणि काय होत नाही, हे ठाऊक असणे. आणि जे होत नाही ते गिऱ्हाईकाने विचारण्यापूर्वी सांगणे.

आमच्या टेबलाच्या खणात एका कागदी पुडीत त्या चार चाकांचा चुरा अजून आहे. नवा माल घेण्यासाठी बाहेर पडताना आम्ही ती पुडी एकदा उघडून पाहतो, लोहचुंबक आणि भिंग खिशात टाकतो, आणि मगच निघतो.